सतरा नंबरची पारूबाई

माझ्याकडे एक जपानी सिंथेसायझर आहे आणि तो मी विकणार नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे लेख वाचून झाल्यावर कुणाला फोन करायची तसदी नको. खारघरच्या टॉवरमध्ये राहणारे नाडकर्णी साहेब तीनदा येऊन गेले. सॉफ्टवेअरमधला माणूस. अशी जुनी यंत्रं गोळा करतात आणि काचेच्या कपाटात ठेवतात. मला म्हणाले, "काका, हे व्हिंटेज आहे. असले पीस आता मिळत नाहीत." मी म्हटलं, "मीसुद्धा व्हिंटेज आहे. कपाटात जागा असेल तर दोघांना एकदमच न्या." हसले बिचारे. मग म्हणाले, यातले सगळे आवाज आता लॅपटॉपवर पाच मिनिटांत मिळतात. "मग लॅपटॉप वाजवा की," मी म्हटलं, "माझ्या दारात कशाला आलात?" तेवढ्यात माझी बायको सुलभा चहा घेऊन आली म्हणून प्रकरण तिथंच थांबलं.

मी पनवेलचा. सदतीस वर्षं या एकाच यंत्रावर पोट भरलं. हळदी, साखरपुडे, गणपती, शाळांची स्नेहसंमेलनं, एकदा तर तळोज्याच्या कारखान्यात सुरक्षा सप्ताहसुद्धा वाजवला. एक ढोलकीवाला, एक ऑक्टोपॅडवाला, एक गायक आणि मी, अशी आमची चौघांची पार्टी. खेड्यांत मला नावानं कुणी ओळखत नसे. माझ्या यंत्राला लोक 'करंटची पेटी' म्हणत आणि मला 'पेटीमास्तर'. पुढे मीही तिला पेटीच म्हणू लागलो. ती माझ्याकडे आली ती बोटीवर नोकरी करणाऱ्या एका मित्राबरोबर. जपानच्या बंदरात घेतली आणि दोन घोंगड्यांत गुंडाळून आणली. माझी त्या वेळची सगळी शिल्लक तिच्यात गेली. वडील आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

आता ज्यांनी असलं यंत्र कधी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. हार्मोनियमच्या आत पितळेच्या पट्ट्या असतात, हवा लागली की त्या थरथरतात. माझ्या पेटीत तसं काहीच थरथरत नाही. आत नुसतं गणित चालतं. एक माणूस कागदावर सरळ रेघ काढतोय आणि दुसरा त्याचं कोपर हलवतोय असं समजा. कोपर हळू हलवलं तर रेघेला गोल वळणं पडतात, जोरात हलवलं तर करवतीचे दात पडतात. अशी चार माणसं माझ्या पेटीत बसलेली आहेत, एकमेकांची कोपरं हलवत. कुणी कुणाचं कोपर किती आणि कधी हलवायचं हे ठरवलं की आवाज तयार होतो. घंटा होते, बासरी होते, सनई होते. हे सगळं एका बोटभर पडद्यावर आकडे बघत करायचं. मला इंग्रजी बेताचं, माहितीपुस्तक जपानी इंग्रजीतलं. पहिला वापरण्याजोगा आवाज बनवायला मला दोन महिने लागले, तोही शिंकेसारखा होता.

कारखान्यातून आलेले आवाज पेटीत कायमचे आहेत, ते पुसले जात नाहीत. स्वतः बनवलेल्या आवाजांसाठी बत्तीस जागा. त्या बत्तीस जागांची आठवण टिकते आतल्या एका बटणाएवढ्या बॅटरीवर. ती संपली की सगळं साफ. म्हणून पेटीतली आठवण साध्या गाण्याच्या कॅसेटवर उतरवून ठेवायची सोय आहे. आवाज म्हणजे आकडे, ते आकडे कॅसेटवर किरकिर होऊन भरले जातात. ती किरकिर परत पेटीला ऐकवली की आवाज जागेवर येतात.

आणखी एक गोष्ट. बोटांनी दाबायच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या डाव्या बाजूला एक छोटं चाक आहे. ते पुढं-मागं केलं की सूर वर-खाली सरकतो, सोडलं की स्प्रिंगनं मध्यावर येतो. मांडवात गर्दी फार. कुणाचा पदर लागे, कुणाचा हार, की सूर घसरे. म्हणून पहिल्याच वर्षी मी त्या चाकावर जखमेला लावतात ती चिकटपट्टी आडवी लावून टाकली. ती मळली की नवी लावायची. माझी पेटी मांडवात एकदाही बेसूर झाली नाही, हे मी सदतीस वर्षं अभिमानानं सांगत आलो.

पेटीनं मला घडवलं तसं घाबरवलंही. ती शंभर व्होल्टची, आपली वीज दोनशेतीसची. मध्ये एक ट्रान्सफॉर्मर लागतो, विटेएवढा जड. एका मांडवात डेकोरेशनवाल्यानं मदत करायची म्हणून तो बाजूला ठेवला आणि वायर थेट बोर्डात घातली. "मास्तर, ही वीट कशाला मधी?" असं म्हणेपर्यंत पेटीतून धूर निघाला. समोर नवरदेव पाटावर बसलेला, बायकांच्या हातात हळद. मी ओरडलो तसा नवरदेव हळदीनं माखलेला उठून उभा राहिला. तो कार्यक्रम मी गळ्यानं आणि टाळ्यांनी पार पाडला. दुसऱ्या दिवशी पेटी घेऊन पनवेल मार्केटमध्ये युसूफभाईंकडे गेलो. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं त्यांचं दुकान. त्यांनी आत बघितलं, वास घेतला आणि म्हणाले, "मास्टर, जान बाकी आहे. फक्त दरवाजा जळलाय." चार दिवसांत पेटी बोलायला लागली. तेव्हापासून तिच्या अंगाला युसूफभाईंशिवाय कुणाचा हात लागलेला नाही.

आणि गिऱ्हाइकं! विमानतळासाठी जी गावं उठली त्यांतल्या एका गावात हळद होती. घाईत माझं बोट चुकीच्या बटणावर पडलं आणि सनईच्या जागी हेलिकॉप्टर सुरू झालं. कारखान्यातूनच आलेला आवाज, कुणा जपान्याला काय सुचलं कोण जाणे. सगळा मांडव वर बघायला लागला. मी घाईनं बटण बदललं, पण नवऱ्याचे काका पुढं आले आणि म्हणाले, "मास्तर, ता परत लाव." मी म्हटलं, चुकून लागलं. "चुकून लागू दे, पन लाव." पुढं त्या गावात माझं बोलावणं हेलिकॉप्टरसकटच असे. नवरदेव मांडवात आला की हेलिकॉप्टर, नवरी आली की हेलिकॉप्टर. ते गाव आता नाही, तिथं धावपट्टी आहे. परवा काकांचा मुलगा भेटला, त्याला म्हटलं, तुमच्या गावात पहिलं उड्डाण मी केलं होतं, सरकारनं नंतर. तो हसला, पण थोडंच.

आता मूळ गोष्टीवर येतो.

सुलभाचं माहेर बेलपाडा. आता तो खारघरचाच एक भाग झालाय, पण आमच्या लग्नात चांगलं नांदतं आगरी गाव होतं. आगऱ्यांच्या लग्नात भटजी असतो, पण त्याच्याही आधी असते धवलारीण. हळदीचा, मांडवाचा, प्रत्येक विधी ती गाण्यातून करून घेते. त्या गाण्यांना धवले म्हणतात. ती गायल्याशिवाय हळद लागत नाही. धवलारणी दोघी असतात. एक ओळ टाकते, दुसरी ती मागून उचलते. बेलपाड्याच्या धवलारीण होत्या पारूबाई, सुलभाची सख्खी मावशी, आणि त्यांच्या जोडीला ठकूबाई.

पारूबाईंचा आवाज नाकातून यायचा, धारदार, शेवटाला किंचित फाटायचा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, हा आवाज माझ्या पेटीत पाहिजे. मी त्यांना तसं विचारलं. त्या खळखळून हसल्या. "जावयबापू, मी गाते, तू पेटीत धर. धरता आलं तर बघ." त्यांच्या ओटीवर तांदळाच्या पिंपावर पेटी ठेवून मी नऊ दिवस बसलो. त्या सूप घेऊन निवडत बसायच्या आणि अधूनमधून एक ओळ गायच्या. नवव्या दिवशी मी पट्टी दाबली आणि त्यांनी सूप खाली ठेवलं. "अगो बया," त्या म्हणाल्या, "ही कोन?" तो आवाज मी सतरा नंबरच्या जागेत ठेवला. नाव दिलं 'पारूबाई'. त्याच आठवड्यात बत्तीसही आवाज कॅसेटवर उतरवले आणि कॅसेटवर पेननं लिहिलं: पेटी.

त्यानंतर लग्नांत पारूबाई गात आणि मी सतरा नंबर वाजवत त्यांना साथ करी. बायका खूश होत. फक्त एक अडचण होती. त्यांच्या गाण्यातला एक सूर माझ्या कुठल्याच पट्टीवर बसत नव्हता. पांढरीवर नाही, काळीवर नाही, मधल्या फटीत कुठंतरी. मी म्हणायचो, "मावशी, जरा वर घ्या." चार-सहा लग्नांनंतर त्या वर घ्यायला लागल्या. मी पारूबाईंना सुरात आणलं, असं तेव्हा मी चारचौघांत सांगत असे. हे वाक्य लिहिताना आज लाज वाटते, पण मी ते म्हणत होतो, आणि मोठ्यानं म्हणत होतो.

ठकूबाई मात्र माझ्या पेटीबरोबर कधीही गायल्या नाहीत. मी वाजवायला लागलो की त्या तोंड मिटून बसत. पेटी थांबली की मग ओळ उचलत. मी त्यांना हट्टी म्हातारी म्हणायचो. तेव्हा त्या जेमतेम पंचेचाळीसच्या असतील.

पुढं माझ्या मेव्हण्याचं लग्न निघालं आणि त्याच दिवशी मला करंज्याच्या बंदरावर कोळ्यांच्या बोटीचं उद्घाटन मिळालं. मोठी पार्टी, पुढं कामं मिळण्यासारखी. मी करंज्याला गेलो. सुलभा म्हणाली, "माझ्या सख्ख्या भावाची हळद आहे." मी म्हटलं, "हळद तुझे लोक लावतील, मी काय लावणार?" बंदरावर जनरेटर दमेकऱ्यासारखा चालत होता. वीज कमी-जास्त झाली की पेटी आपोआप बंद होऊन चालू व्हायची आणि पहिल्या नंबरचा, घंटेचा आवाज लावून बसायची. नारळ फुटायच्या ऐन क्षणी घंटा वाजल्या. पट्ट्यांच्या खाली खारी हवा शिरली, त्यापायी पुढं महिनाभर तीन सूर मुके राहिले. पुढं कामंही मिळाली नाहीत. सुलभा त्या विषयावर कधी बोलली नाही आणि मीही काढला नाही.

पारूबाई जाऊन आता बारा-तेरा वर्षं झाली. त्यांच्यानंतर बेलपाड्याला नवी धवलारीण झाली नाही. एकट्या ठकूबाई उरल्या आणि त्यांनी गाणं सोडलं. मांडवांत डीजे आले, छातीत धडधडणाऱ्या स्पीकरच्या भिंती आल्या. पण ज्या घरात जुन्या बायका होत्या तिथं मला दहा मिनिटांसाठी बोलावणं येई. हळद लावताना मास्तरांनी सतरा नंबर वाजवायचा. कुणाला त्यांची आई आठवायची, कुणाला आजी. मी स्वतःला समजावलं होतं की बाई गेली, पण आवाज माझ्याकडे आहे.

गेल्या वर्षी मेव्हण्याच्या मुलीचं, प्राचीचं लग्न ठरलं. ती स्वतः घरी आली. "काका, बाबांचा डीजे ठरलाय, तो काही ऐकणार नाही. पण हळद लागताना मला पारूआजीच पाहिजे. सतरा नंबर." मी म्हटलं, "बाळा, डीजेच्या बापालाही थांबायला लावतो." ती गेल्यावर सराव करायला पेटी लावली तर पडद्यावर बॅटरी बदला अशी सूचना.

पेटी घेऊन युसूफभाईंकडे गेलो. आता तेही सत्तरीचे, चष्म्यावर चष्मा लावतात. पेटी उघडून म्हणाले, "मास्टर, ही जमान्यापूर्वीची बॅटरी. सोल्डरचा डाग लावून बसवलेली आहे. काढली की याददाश्त साफ. कॅसेट आहे ना?"

"आहे."

"आधी लावून बघू या का?"

"तीस वर्षं डब्यात जपून ठेवलीय. बघायचं काय त्यात? काढा."

"बघितलं तर बिघडेल काय?"

"युसूफभाई, काढा म्हटलं ना."

त्यांनी काढली. नवी बसवली. मी ऐटीत कॅसेट त्यांच्या टेपमध्ये घातली, वायर पेटीला जोडली आणि बटण दाबलं. किरकिर ऐकू आली नाही. आधी भांडी वाजली, मग कुणीतरी खोकलं, आणि मग पारूबाई गायला लागल्या.

मी तसाच स्टुलावर बसलो. युसूफभाईंनी टेपचा आवाज थोडा कमी केला. पेटीत सतरा नंबरवर बघितलं. अर्थहीन आकडे होते. पट्टी दाबली तर डबा पडल्यासारखं वाजलं. बत्तीसही जागा तशाच. हेलिकॉप्टर मात्र शाबूत होतं.

घरी आल्यावर मी सुलभाला जे बोललो ते इथं लिहीत नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मग कॅसेट हातात घेतली. "ही होय? ही माझ्या भावाच्या हळदीची. तू नव्हतास, मग मीच टेप घेऊन गेले. घरात कोरी कॅसेट नव्हती. यावर तुझ्या अक्षरात 'पेटी' लिहिलेलं, मला वाटलं तुझं जुनं वाजवणं असेल. लावून बघितली तर आत बेडूक ओरडत होते. म्हटलं खराब झालीय, फेकण्यापेक्षा वापरावी."

"ते बेडूक नव्हते, माझे बत्तीस आवाज होते!"

"मग तसं लिहायचं होतंस. आणि मागचे दोन तुकडे मोडायचे होतेस."

ज्यांनी कॅसेटी वापरल्या त्यांना ठाऊक आहे. कॅसेटच्या पाठीला प्लॅस्टिकचे दोन छोटे तुकडे असतात. ते मोडले की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही. गाण्याच्या पार्टीतल्या कुठल्याही नवशिक्याला हे माहीत असतं. मी मोडले नव्हते. "आणि हळद झाल्यावर तुझं अक्षर म्हणून तुझ्याच डब्यात परत ठेवली," सुलभा म्हणाली. "तीस वर्षांत तू एकदा तरी लावून बघितलीस का?"

हळदीला तीन आठवडे होते. नाडकर्णी साहेबांना कळलं तसा त्यांचा फोन आला. "काका, कॅसेट द्या. मी तिच्यातलाच आवाज कापून लॅपटॉपवर घेतो. बटण दाबलं की वाजेल." माणूस मनापासून बोलत होता. पण मी म्हटलं, "साहेब, फोटो लावायचा असता तर हार घालून भिंतीवर लावला असता. मला ती वाजवायची आहे." मला राग आला होता तो त्यांचा नाही, माझाच. तरी पण म्हणालो ते खरंच म्हणालो.

कॅसेट लावून पहिल्यापासून सुरुवात केली. चार माणसं, चार कोपरं. नाकातली धार चौथ्या दिवशी सापडली, शेवटचं फाटणं सातव्या दिवशी. आवाज जवळजवळ झाला. पण कॅसेटबरोबर वाजवायला लागलो की सगळं विस्कटायचं. तो एक सूर. मी वरची पट्टी दाबली की टोचायचा, खालची दाबली की बुडायचा. मी ढोलकीवाल्याला म्हटलं, कॅसेट जुनी आहे, टेप हळू चालत असेल. तो म्हणाला, "मग बाकीचे सूर कसे जुळतात, मास्तर?"

शेवटी सुलभाच म्हणाली, "ठकूमावशीकडे चल." मला जायचं नव्हतं. गेलो. जुनं घर पाडून मुलानं इमारत बांधली आहे, त्यात तळमजल्यावर ठकूबाई राहतात. ऐंशीच्या आसपास असतील, डोळे अधू, पण पाठ ताठ. सुलभानं कॅसेट लावली. ठकूबाई ऐकत राहिल्या. मग बोट वर करून म्हणाल्या, "ही पारू. अन मागं ही मी."

तोवर माझ्या लक्षातही आलं नव्हतं की मागची ओळ उचलणारा आवाज त्यांचा आहे. मी इतके दिवस तो कानाआड करत होतो, मध्ये मध्ये येतो म्हणून.

मी विचारलं, "ठकूमावशी, तुम्ही माझ्या पेटीबरोबर कधी गायला नाहीत. का?"

"इतक्या वरसांनी इचारतोस?"

"आज विचारतो."

"तुजी पेटी पारूला ढकलीत होती. ती सुलूचा नवरा म्हनून तुजा मान ठेवायची. घरी येऊन मना म्हनायची, ठकू, जावय वर घे म्हनतो, घसा दुखतो गं. मी म्हनलं, तू ठेव मान. मी नाय ठेवनार." त्यांनी कॅसेटकडे हात केला. "या दिसाला तू नव्हतास. म्हनून बग कशी गायली."

सुलभा खिडकीतून बाहेर बघत होती. मला पारूबाईंचं ते हसणं आठवलं, 'धरता आलं तर बघ' म्हणतानाचं. तीस वर्षं मी ज्याला पारूबाई म्हणून वाजवत होतो ती पारूबाई नव्हती. माझ्या पट्टीवर यावं म्हणून घसा ताणणारी बाई होती, आणि तिला ताणायला लावणारा मी होतो. मेव्हण्याच्या हळदीला मी गेलो असतो तर तिथंही त्या घसा ताणूनच गायल्या असत्या.

घरी आलो आणि पेटीच्या डाव्या बाजूची चिकटपट्टी नखानं ओरबाडून काढली. खालचं चाक नव्यासारखं काळं कुळकुळीत होतं. सदतीस वर्षांत मी त्याला हात लावला नव्हता. उजव्या हातानं वरची पट्टी दाबली आणि डाव्या अंगठ्यानं चाक केसभर खाली ओढलं. टेपवर पारूबाई गात होत्या. चाक अजून थोडं ओढलं, आणि दोन आवाजांचा एक झाला. मी सुलभाला हाक मारली. ती पोळी तव्यावर टाकून आली, ऐकलं, आणि म्हणाली, "पोळी करपली." पण तिथंच उभी राहिली.

आता हे लिहायला सोपं. वाजवायला अवघड. त्या एका सुराला चाक खाली, पुढच्या सुराला परत मध्यावर, आणि स्प्रिंग सतत अंगठ्याशी भांडते. पासष्ट ओलांडलेल्या माणसानं आपला डावा हात नव्यानं शिकवायचा. उरलेले दिवस मी तेच केलं.

हळदीच्या दिवशी संध्याकाळी बेलपाड्याला इमारतींच्या मधल्या मोकळ्या जागेत मांडव होता. डीजेच्या दोन भिंती. मेव्हणा म्हणाला, "दाजी, पोरांचा मूड जाईल. पाच मिनिटांत उरका." मी म्हटलं, "पाच कशाला? हळद लागेपर्यंत वाजवणार. मूड गेला तर जाऊ दे, तुझ्या हळदीला मी नव्हतो, हिच्या हळदीला आहे." डीजेवाल्याकडे जाऊन मीच त्याला बंद करायला सांगितलं. त्यानं पेटीकडे बघितलं, विटेएवढ्या ट्रान्सफॉर्मरकडे बघितलं आणि विचारलं, "अंकल, हे चालतं?" मी म्हटलं, "तू बंद कर, मग कळेल."

प्राची पाटावर बसली. ठकूबाईंना खुर्चीवर आणून बसवलं होतं, नेहमीसारख्या तोंड मिटून. मी सतरा नंबर लावला. पहिली ओळ वाजवली. तो सूर आला, मी चाक ओढलं. स्प्रिंगनं अंगठा ढकलला आणि सूर किंचित हलला. ओळ संपली. पारूबाई ओळ टाकून जिथं थांबायच्या तिथं मीही थांबलो, कारण कॅसेटवर तिथं दुसरा आवाज येतो.

आणि ठकूबाईंनी ओळ उचलली.

आवाज बारीक होता, मध्येच तुटत होता, पण सूर त्या फटीत बरोबर जाऊन बसत होता. खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून त्या गात होत्या. मी पुढची ओळ टाकली, त्यांनी उचलली. मी रडत होतो हे मला कबूल आहे, पण चाकावरचा अंगठा सोडला नाही. सुलभानं पहिली हळद लावली. हळद लागून संपली, तरी आम्ही थांबलो नाही, आणि डीजेवालाही मध्ये आला नाही.

संपल्यावर मी त्यांच्या पाया पडायला गेलो. मला वाटलं काही चांगलं बोलतील. त्यांनी माझा डावा हात चाचपून अंगठा धरला आणि म्हणाल्या, "दोन जाग्यांवर चुकलास. मंगलवारी ये."

मी दर मंगळवारी जातो. एक चूक सुटली आहे, दुसरी सुटत नाही, आणि दरम्यान त्यांनी तिसरी काढली आहे. नवी कॅसेट भरली, भरल्याबरोबर लावून तपासली. दोन्ही कॅसेटींचे तुकडे सुलभानं स्वतः मोडले आणि त्या कॅसेटी आपल्या कपाटात कुलपात ठेवल्या. नाडकर्णी साहेबांनी परवा पुन्हा विचारलं. त्यांना म्हटलं, सतरा नंबर अजून पुरा झालेला नाही. तो पुरा झाला हे ठकूबाई सांगतील, आणि त्या काही सांगायच्या नाहीत. तोवर पेटी विकायला नाही.